दुधाच्या कपात नक्की काय पडते?

जानेवारीत रियाधबाहेर थुमामाच्या वाळवंटात रात्री किती थंडी पडते, हे भारतातल्या नातेवाइकांना फोनवर सांगून पटत नाही. "सौदीत कसली आलीय थंडी?" असे म्हणून ते हसण्यावारी नेतात. आपण मात्र दर हिवाळ्यात सतरंज्या, तंबू आणि लाकडे गाडीत घालून तिकडे जातो. जेवणे आटोपली की शेकोटीवर दुधाचे मोठे पातेले चढते. मोठ्यांना चहा आणि मुलांना चॉकलेटचे दूध, हा शिरस्ता ठरलेला.

अशाच एका रात्री पाच कुटुंबांनी मिळून चार निरनिराळे डबे आणले होते. एक ड्रिंकिंग चॉकलेटचा, एक माल्टचा, एकावर उंच उडी मारणारा मुलगा, आणि चौथी ती अमेरिकन पद्धतीची पाकिटे, जी नुसत्या गरम पाण्यातही विरघळतात. मुले चमचे भरभरून पावडर घेत होती आणि वर "साखर कुठे आहे?" असेही विचारत होती. सुनेकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एक आजी हे सारे पाहत होत्या. त्यांनी सुनेला विचारले, "अगं, पण यात असतं तरी काय?"

शेकोटीभोवती इंजिनियर होते, डॉक्टर होते, हिशेबनीस होते. एकाने "कोको" म्हटले, दुसऱ्याने "जीवनसत्त्वे", तिसरा म्हणाला, "आजी, आम्ही हेच पिऊन मोठे झालो की!" हे उत्तर नव्हे, हे आजींच्याही लक्षात आले आणि आमच्याही. तो प्रश्न मी घरी घेऊन आलो. हा लेख म्हणजे आजींना उशिरा दिलेले उत्तर आहे.

दोन निरनिराळी घराणी

आपण ज्यांना सरसकट 'चॉकलेट पावडर' म्हणतो, त्या डब्यांची मुळात दोन घराणी आहेत. पहिले कोकोचे. कोको हे मध्य अमेरिकेतले पेय. तिथले लोक ते कडूच पीत, मिरची घालूनही पीत. साखर त्यात स्पॅनिश लोकांच्या हातून पडली. १८२८ साली हॉलंडमधल्या व्हॅन हौटेन यांनी कोकोच्या बियांतले तूप दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. तूप निघाल्यावर उरलेल्या पेंडीची भुकटी म्हणजे आपली कोको पावडर. पुढे इंग्लंडात कॅडबरी, फ्राय, राऊंट्री या क्वेकर पंथाच्या कुटुंबांनी कोकोचा व्यापार वाढवला. दारूबंदीच्या या पुरस्कर्त्यांना दारूला पर्याय म्हणून कोको फार सोयीचा वाटे. ते लोक रियाधला आले असते तर त्यांचे काम निम्मे झालेले पाहून खूश झाले असते!

दुसरे घराणे माल्टचे, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूच्या अर्काचे. हॉर्लिक बंधूंनी इंग्लंडातून अमेरिकेत जाऊन माल्ट आणि दुधाची भुकटी तयार केली आणि १८८३ मध्ये तिचे पेटंट घेतले. स्वित्झर्लंडमध्ये १९०४ साली ओव्होमाल्टीन आले, तेच पुढे इंग्रजी मुलखात ओव्हल्टीन झाले. १९३२ मध्ये इंग्लंडात बोर्नव्हिटा आणि १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियात मायलो निघाले. ही पेये प्रथम ज्यांच्यासाठी होती ते लोक कोण होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तान्ही मुले, आजारातून उठलेली माणसे, ज्यांच्या पोटात पुरेसे अन्न जात नव्हते असे लोक. त्यांना पचायला हलके, पटकन ताकद देणारे काहीतरी हवे होते, आणि माल्टची साखर ते काम चोख करी.

भारतात बोर्नव्हिटा १९४८ पासून आहे. ठाण्याच्या कारखान्यामुळे तर तिथल्या चौकालाच 'कॅडबरी जंक्शन' नाव पडले. १९७२ पासून रेडिओवर आधी हमीद सयानींच्या आणि पुढे अमीन सयानींच्या आवाजात बोर्नव्हिटाची प्रश्नमंजूषा लागे आणि हुशारी व ती पावडर यांचा संबंध आपल्या डोक्यात कायमचा जोडला गेला. आजाऱ्याचे पेय असे हळूहळू धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या मुलांचे पेय झाले. गरज बदलली, डब्यातली साखर मात्र तशीच राहिली.

कोको बिचारा निर्दोष

आधी निव्वळ कोकोबद्दल बोलू, म्हणजे ज्यात दुसरे काहीही नाही अशा कडू, बिनसाखरेच्या पावडरीबद्दल. तिच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे २० ग्रॅम प्रथिने, १४ ग्रॅम स्निग्धांश, ३० ग्रॅमहून अधिक चोथा, १४ मिलिग्रॅम लोह आणि ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. साखर दोन ग्रॅमच्याही आत. हे आकडे पाहून कोणीही हरखून जाईल. पण शंभर ग्रॅम कोको कोण खातो? एका कपात पडतो तो पाच ग्रॅम. त्यातून मिळते एक ग्रॅम प्रथिन, दीड-दोन ग्रॅम चोथा, २५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ०.७ मिलिग्रॅम लोह. ते लोहही शरीराला धड लागत नाही, कारण कोकोतली तुरट द्रव्ये आणि दुधातले कॅल्शियम त्याला अडवतात. तेव्हा मुलाचे रक्त वाढावे म्हणून चॉकलेटचे दूध देत असाल, तर तो उपाय नव्हे. पोह्यांवर लिंबू पिळून देणे त्यापेक्षा बरे, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते.

झोपेची काळजी करणाऱ्यांसाठी: पाच ग्रॅम कोकोत कॅफीन साधारण १२ मिलिग्रॅम, म्हणजे चहाच्या कपापेक्षा बरेच कमी.

कोकोतल्या फ्लॅव्हेनॉल नावाच्या द्रव्यांविषयी वर्तमानपत्रांत बरेच छापून येते. ती रक्तवाहिन्यांना हितकारक असावीत, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. पण दोन गोष्टी त्याच वेळी सांगायला हव्यात. पहिली अशी की रंग गडद आणि चव सौम्य व्हावी म्हणून कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करतात, आणि तीत ही द्रव्ये मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत नैसर्गिक कोकोच्या एका ग्रॅममध्ये ती सरासरी सुमारे ३५ मिलिग्रॅम आढळली, तर पुष्कळ प्रक्रिया केलेल्या कोकोत जेमतेम चार. दुसरी गोष्ट, २०२२ मध्ये अमेरिकेत २१ हजारांहून अधिक वयस्कांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हेनॉलची गोळी दिली होती. हृदयविकाराने मरण पावणाऱ्यांचे प्रमाण कमी दिसले, पण हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटनांची एकूण संख्या ठामपणे कमी झाली, असे सिद्ध झाले नाही. आणि ती गोळी होती, साखर घातलेला कप नव्हे.

थोडक्यात, कोको चवीला उत्तम, प्रकृतीला निरुपद्रवी आणि गुणाने मध्यम. त्याच्या नावावर जो विकला जातो तो माल वेगळाच असतो.

डब्याचा हिशेब

आता डबा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचू. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असा नियम असतो. जे सर्वांत जास्त, ते पहिले. ड्रिंकिंग चॉकलेटच्या बहुतेक डब्यांवर पहिले नाव साखरेचे असते. युरोपच्या नियमानुसार 'ड्रिंकिंग चॉकलेट' म्हणवून घ्यायला २५ टक्के कोको पुरतो. उरलेला पाऊण भाग बहुतांशी साखर. शंभर ग्रॅममागे सत्तर ग्रॅमच्या आसपास साखर असलेले डबे सर्रास मिळतात.

डब्यावर सांगतात त्याप्रमाणे तीन चमचे, म्हणजे साधारण १८ ग्रॅम पावडर घेतली, तर कपात पडतो साडेचार ग्रॅम कोको आणि तेरा ग्रॅम साखर. चहाचा एक सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला, तर हे तीन चमचे झाले. शिवाय आपल्या घरचा चमचा सपाट नसतो, शिगोशीग असतो. माल्टच्या पावडरीत कोको आणखी कमी आणि साखर थोडी कमी, पण त्यात माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप अशी मंडळी असतात. यातले माल्टोडेक्स्ट्रिन 'साखर' या रकान्यात धरले जात नाही, पण रक्तात मात्र साखरेसारखेच झटपट पोचते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, आणि पाच टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगले. दिवसाला १५०० उष्मांक लागणाऱ्या लहान मुलासाठी याचा अर्थ जास्तीत जास्त ३७ ग्रॅम, आणि शक्यतो १९ ग्रॅम. सकाळ-संध्याकाळ चॉकलेटचे दूध म्हणजे २६ ग्रॅम त्यातच संपले. बिस्किटे, जॅम, रसाचा डबा, शाळेतल्या वाढदिवसाचा केक हे सारे अजून बाकीच आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. दुधाची स्वतःची साखर असते, कपाला नऊ-दहा ग्रॅम. ती या हिशेबात धरायची नाही, तिचा बाऊही करायचा नाही. प्रश्न फक्त वरून पडणाऱ्या साखरेचा आहे.

'दुधासह' नावाचा रकाना

डब्यावर पोषणाच्या तक्त्यात पुष्कळदा दोन रकाने असतात: एक नुसत्या पावडरीचा आणि दुसरा 'दुधासह'. जाहिरातीतले भव्य आकडे या दुसऱ्या रकान्यातून येतात. दोनशे मिलिलिटर सायीच्या दुधात साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्यात चमचाभर पावडर पडली की प्रथिनांत भर पडते एक-दीड ग्रॅमची. म्हणजे श्रम दुधाचे आणि सत्कार पावडरीचा! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. दोन कप साध्या दुधातून त्यातला पाऊण वाटा मिळून जातो. गरम पाण्यात ढवळायच्या पाकिटांत तर दूधही नाममात्रच. ती चैन म्हणून ठीक आहेत, आहार म्हणून नव्हेत.

पावडरीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. पुष्कळ कंपन्या तिच्यात जीवनसत्त्वे व खनिजे घालतात आणि ती खरीच असतात. जे मूल पावडरीशिवाय दुधाला शिवतच नाही, त्याच्या बाबतीत थोडी पावडर घालून कपभर दूध पोटात जाणे, हे अजिबात दूध न जाण्यापेक्षा चांगले. पण त्यासाठी एक सपाट चमचा पुरतो.

भारतात झालेला गाजावाजा

एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका नावाच्या तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेविषयी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. कंपनीची कायदेशीर नोटीस आल्यावर त्याने ती काढून टाकली, पण तोवर लाखो लोकांनी ती पाहिली होती. कंपनीचे म्हणणे असे होते की २० ग्रॅमच्या एका मापात वरून घातलेली साखर साडेसात ग्रॅम, म्हणजे दीड चमचा असते आणि ती मुलांसाठीच्या मर्यादेत बसते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे खुलासा मागितला. त्याच वर्षाच्या अखेरीस पावडरीतली साखर कमी करण्यात आली. एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासारखी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितले, कारण भारताच्या २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या मालकांनीही आपल्या पेयांच्या वर्गाच्या नावातून 'हेल्थ' हा शब्द गाळला.

कंपनीचे साडेसात ग्रॅम खरे मानले तरी ते सपाट मापाचे आहेत. आपल्या घरी ते माप कोणी पाळते का, एवढाच प्रश्न आपण स्वतःला विचारायचा.

नानांचे टॉनिक

हा मजकूर मी एवढ्या पोटतिडकीने का लिहितो आहे, तेही सांगतो. आमचे नाना साताऱ्याला असतात. त्यांना मधुमेह आहे. मी दर सुट्टीत जाताना येथून त्यांच्यासाठी पावडरीचे दोन मोठे डबे नेत असे. कोणत्या कंपनीचे, हे महत्त्वाचे नाही. खजूर नेला तर ते खाणार नाहीत, मग निदान 'ताकदीचे' काही न्यावे, ही माझी समजूत. नानांनी चहातली साखर सोडली होती, दिवाळीत लाडूला हात लावत नव्हते, आणि तरीही दर तीन महिन्यांच्या तपासणीत साखर चढलेलीच निघे. एका सुट्टीत मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी विचारले, "दिवसभरात आणखी काय घेता?" नाना म्हणाले, "काही नाही. दोन वेळा दुधातून टॉनिक घेतो. हा आणतो ना तिकडून."

मी खाली पाहिले. नाना ते औषध समजत होते. पोरगा एवढ्या लांबून वजन वाहून आणतो, म्हणून एकही दिवस न चुकवता घेत होते. साखर त्या एकाच गोष्टीने चढली होती असे डॉक्टरही म्हणाले नाहीत, पण पावडर बंद करायला त्यांनी सांगितली आणि पुढच्या तपासणीत आकडा थोडा खाली आला. आपल्यापैकी कितीजणांच्या बॅगांत असे डबे जातात, याचा जरा विचार करावा.

सौदीत राहताना

या देशाने साखरेचा प्रश्न कराच्या रूपाने हाती घेतला. जून २०१७ मध्ये शीतपेयांवर ५० टक्के कर बसला. १ डिसेंबर २०१९ पासून तो सर्व गोड पेयांना लागू झाला, आणि त्यात पेय बनवण्यासाठीच्या पावडरी व अर्कही आले. किमान ७५ टक्के दूध असलेल्या पेयांना सूट मिळाली. पुढे पेयात साखर किती ग्रॅम आहे त्यावरून कर ठरवण्याकडे आखाती देश वळले. साखर हाच कराचा पाया मानला गेला, ही आपल्या दृष्टीने सूचक गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट ड जीवनसत्त्वाची. वर्षभर ऊन असलेल्या या देशात त्याची कमतरता सर्वत्र आढळते, आणि आपल्या बायका-मुलांतही आढळते. कारण उघड आहे: घर, गाडी, शाळा, मॉल, सारे थंडगार छपराखाली. ही उणीव पावडरीच्या चमच्याने भरून निघेल अशा भरवशावर राहू नये. येथे मिळणाऱ्या बऱ्याच ताज्या दुधातच ड जीवनसत्त्व घातलेले असते, ते बाटलीवर पाहून घ्यावे, आणि शंका असल्यास रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे.

तिसरी गोष्ट दातांची. झोपण्यापूर्वी गोड दूध आणि त्यावर चूळही न भरता झोप, ही दात किडण्याची खात्रीची वाट. आधी दूध, मग ब्रश, मग गोष्ट, हा क्रम ठेवावा.

डबा निवडताना अरबी येत नसले तरी चार शब्द पुरतात. 'मुकव्विनात' म्हणजे घटक, 'सुक्कर' म्हणजे साखर, 'सुक्कर मुदाफ' म्हणजे वरून घातलेली साखर आणि 'बिदून' म्हणजे शिवाय. 'सुक्कर' परका वाटायला नको. आपली संस्कृत शर्कराच इराणवरून अरबस्तानात जाऊन सुक्कर झाली आहे!

घरची पावडर

आता उपाय. बिनसाखरेचा कोको येथे कोणत्याही मोठ्या दुकानात केकच्या सामानात मिळतो. १०० ग्रॅम कोको, २०० ग्रॅम दुधाची भुकटी आणि १०० ग्रॅम पिठीसाखर एकत्र करून दोनदा चाळावी. वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ घालून कोरड्या बरणीत भरावी. या मिश्रणाच्या २० ग्रॅममध्ये पाच ग्रॅम कोको, दहा ग्रॅम दूध भुकटी आणि पाच ग्रॅम साखर येते. म्हणजे कोको विकतच्या कपापेक्षा किंचित जास्त, आणि साखर निम्म्याहून कमी. करताना आधी थोड्या कोमट दुधात कालवून घ्यावी, नाहीतर कोको वर तरंगतो. दुसऱ्या खेपेला साखर ७५ ग्रॅम करावी, तिसऱ्या खेपेला ५०. आमच्या मुलीच्या हे लक्षातही आले नाही. जीभ सवयीची गुलाम असते आणि सवय हळूहळू मोडली तर कुरकुर करत नाही.

साखरेऐवजी कसीमचा एखादा सुक्करी खजूर वाटून घातला तर चव फार छान येते. मात्र खजुराची साखर ही साखरच. मधुमेह्यांनी 'नैसर्गिक' या शब्दावर भुलू नये. त्यांच्यासाठी दुधात नुसता कोको आणि जायफळ पुरे. आणि आपली नाचणी विसरू नका. तिच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. चमचाभर नाचणीचे पीठ दुधात शिजवून त्यात अर्धा चमचा कोको घातला, तर मुले ते चॉकलेटची खीर समजून खातात.

पुढच्या थंडीत थुमामाला जाताना आम्ही ही घरची बरणी नेणार आहोत. आजी आता पुण्याला परतल्या आहेत. त्यांना फोनवर उत्तर कळवले: "आजी, त्यात बरीचशी साखर असते, थोडा कोको असतो, आणि जे चांगलं असतं ते दुधातच असतं." त्या म्हणाल्या, "मग दूधच द्या की नीट."